खंडनातही न्याय हवा



1830 साली अमेरिकेत जोसेफ स्मिथ यांनी स्थापिलेल्या मॉर्मन पंथाला इव्हँजेलिकल मंडळी ख्रिस्ती मानीत नाहीत. त्याचे खंडन हेच त्यांच्यातील काही संस्थांचे जीवितकार्य झाले आहे. महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. 1852 साली मॉर्मन प्रचारक ह्यू फिंडले मुंबईस व पुढे पुण्यास गेले, तेव्हा पाद्र्यांनीच त्यांना विरोध केला. त्याआधी दहा वर्षे आपल्या अहमदनगरात अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू करून धर्मवादाला छापील व्यासपीठ दिले होते.

असत्याचे खंडन करू नये काय? अवश्य करावे. प्रेषित मुहम्मद (स.) अंतिम प्रेषित आहेत, या श्रद्धेत तडजोड नाही. परंतु खंडनालाही मर्यादा आहेत. कुरआन उत्तम रीतीनेच वाद करण्यास सांगतो (16:125) आणि वैर असतानाही न्याय सोडू देत नाही (5:8). इमाम गझाली यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करण्यापूर्वी त्यांची मते ‘मकासिदुल फलासिफा’त इतक्या प्रामाणिकपणे मांडली की, युरोपात ती त्यांचीच समजली गेली. कसोटी हीच : आपण मांडलेले त्याचे मत ऐकून प्रतिपक्षाने ‘होय, मी हेच मानतो’ असे म्हणावे.

आता आपल्या घरात पाहा. देवबंदी, बरेलवी, अहले हदीस – कोणाच्याही प्रवचनातील तोडलेले वाक्य मोबाइलवर फिरते, मुले ते ऐकतात आणि शेजाऱ्याशी सलाम बंद होतो. ज्याचे पूर्ण म्हणणे ऐकले नाही, त्याच्या ईमानाचा निवाडा आपण कोणत्या अधिकाराने करतो? कियामतच्या दिवशी तोही आपल्यासमोर उभा असेल.

अल्लाह आपल्या जिभेला सत्य आणि न्याय दोन्ही देवो. आमीन.