क्षमायाचनेचा धर्म

देवळाच्या सभामंडपात गाऱ्हाणे घातले जात असताना जो एकदा उभा राहिला आहे, त्याला तो प्रसंग विसरता येत नाही. गावाच्या वतीने बोलणारा मनुष्य देवापुढे हात जोडून सांगतो की, लेकरांच्या हातून कळत-नकळत काही अधिकउणे घडले असेल तर ते पोटात घाल. आणि सभोवतालचा समुदाय ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतो. घरच्या पूजेचा शेवटही असाच होतो. सर्व उपचार यथासांग झाल्यावर पूजा करणारा आपले अज्ञान कबूल करतो आणि न्यूनाबद्दल क्षमा मागतो. क्षमापनावाचून पूजेची सांगता नाही.

इतकी क्षमा नित्य मागणारा समाज माणसापुढे क्षमा मागण्याच्या कामीही निष्णात असावयास हवा होता. अनुभव मात्र निराळा आहे. ज्या सभामंडपात आपण देवापुढे अपराधी म्हणून उभे राहतो, त्याच मंडपात दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यापुढे ‘माझे चुकले’ हे दोन शब्द उच्चारताना जीभ जड होते. आणि उच्चारलेच, तर गाऱ्हाण्यातली भाषा आपण जशीच्या तशी उचलतो. ‘काही चुकले असेल तर क्षमा असावी,’ असे म्हणतो. देवापुढे हे ‘असेल तर’ शोभते. कारण देव सर्व जाणतो आणि आपण जाणत नाही, ही त्यामागची भावना नम्रतेची असते. माणसापुढे त्याच शब्दांचा अर्थ उलटा होतो. काय चुकले हे त्याला ठाऊक असते, आपल्यालाही ठाऊक असते. केवळ ते आपल्या तोंडून वदविले जाऊ नये, एवढ्यासाठीच ‘असेल तर’ची योजना असते. एके ठिकाणी जी नम्रता, ती दुसऱ्या ठिकाणी पळवाट ठरते.

एक प्रसंग कल्पून पाहावा. कोणत्याही देवस्थानात तो घडण्यासारखा आहे. चांदीची समई नाहीशी होते. महाजनांच्या सभेत दिवाबत्ती करणाऱ्या सेवेकऱ्याचे नाव घेतले जाते, इतिवृत्तात तशी नोंद होते आणि त्याची सेवा काढून घेतली जाते. पुढे चार महिन्यांनी समई कोठीतल्या एका जुन्या पेटीत सापडते. समितीचा एक सभ्य गृहस्थ संध्याकाळी त्या सेवेकऱ्याच्या घरी जातो, चहा घेतो आणि उठता उठता म्हणतो, “झाले गेले विसरून जा.” या गृहस्थाला पश्चात्ताप झालेला नाही, असे मी म्हणणार नाही. कदाचित त्याला त्या रात्री झोपही लागली नसेल. तरी क्षमायाचना झाली काय? आरोप सभेत झाला आणि त्याचे परिमार्जन ओसरीवर झाले. आरोप कागदावर राहिला, परिमार्जन वाऱ्यावर गेले. ज्या दोनशे माणसांनी त्या सेवेकऱ्याला चोर म्हणून ऐकले, त्यांच्या लेखी तो अजून चोरच आहे.

आपल्या धर्मशास्त्राने या विषयाचा सूक्ष्म विचार केला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’चा चौथा खंड १९५३ साली निघाला, त्यात प्रायश्चित्तांचे विस्तृत विवेचन आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना तप, अध्ययन आणि दान यांच्याही अगोदर ख्यापन आणि अनुताप यांचा निर्देश येतो. ख्यापन म्हणजे आपले कृत्य उघड बोलून दाखविणे. केवळ मनातल्या मनात जळणे शास्त्राला पुरेसे वाटले नाही, आणि ‘पुन्हा असे करणार नाही’ हा निश्चयही त्याने आवश्यक मानला. ही मांडणी आजही कोणास सुधारून घेता येईल, असे मला वाटत नाही.

तथापि प्रायश्चित्त आणि क्षमायाचना या दोन गोष्टी एक नव्हेत. प्रायश्चित्ताने कर्ता शुद्ध होतो. त्याची दृष्टी स्वतःच्या मलाकडे असते. ते एकट्याला करता येते. नदीत स्नान करावे, उपवास करावा, दान द्यावे. ज्याचा अपराध केला तो मनुष्य त्या वेळी शंभर कोसांवर असला तरी चालते. क्षमायाचनेला दोघे लागतात. तिथे अपराध्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहावे लागते, आणि मुख्य म्हणजे निर्णय त्याच्या हाती सोपवावा लागतो. सार्वजनिक क्षमायाचना बहुधा इथेच फसते. ती करणारे प्रायश्चित्त घेतात, स्वतःस हलके वाटले की परततात, आणि क्षमा मागितली असे समजतात.

या बाबतीत सम्राट अशोकाचे उदाहरण बोलके आहे. कलिंगविजयानंतर त्याने कोरविलेला तेरावा शिलालेख हा जगातल्या राज्यकर्त्यांच्या पश्चात्तापाचा एक अपूर्व लेख होय. दीड लाख माणसे देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मृत्युमुखी पडली, हे आकडे जेत्याने स्वतः दगडावर खोदविले. जे स्वतः वाचले परंतु ज्यांचे आप्तमित्र गेले, त्यांचेही दुःख त्याने ओळखले. यात कोठे ‘असेल तर’ नाही. हा लेख सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी आहे, उत्तरेस कालसी येथे आहे, आणि आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी येथेही आहे. परंतु प्रत्यक्ष कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगड येथे, जी शिलालेखांची मालिका आहे तीतून नेमका हाच लेख वगळलेला आहे. त्याच्या जागी तेथील अधिकाऱ्यांना उद्देशून दोन स्वतंत्र लेख आहेत. त्यांत प्रजा ही आपली संतती होय असे सांगून तिच्याशी न्यायाने वागण्याची आज्ञा आहे. वगळण्यामागे राजनैतिक सावधगिरी असावी, असा तर्क अभ्यासक करतात. नुकत्याच जिंकलेल्या लोकांना जेत्याचे अपराधीपण वाचून दाखविणे धोक्याचे वाटले असेल. कारण काहीही असो, ज्यांची घरे उजाड झाली त्यांच्या भूमीत राजाच्या अनुतापाचे ते अक्षर नव्हते. अशोकाचा पश्चात्ताप खरा होता याविषयी मला संशय नाही. पुढील कारभारात त्याने तो सिद्ध केला. ते थोर प्रायश्चित्त होते. कलिंगवासीयांकडे केलेली क्षमायाचना मात्र ती नव्हती.

अलीकडच्या काळातील दुसरे उदाहरण आपल्याच देशबांधवांच्या संबंधातले आहे. १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदी उतारू घेऊन कॅनडाच्या व्हँकूवर बंदरात पोहोचले. त्यांत बहुसंख्य शीख होते, काही मुसलमान व हिंदूही होते. मोजके लोक सोडून बाकीच्यांना दोन महिने पाण्यावर अडकवून ठेवून परत पाठविण्यात आले. आणि सप्टेंबरअखेर ते कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरले असता गोळीबारात त्यांतील कित्येकांचा बळी गेला. ऑगस्ट २००८ मध्ये कॅनडाचे पंतप्रधान स्टीव्हन हार्पर यांनी सरे या गावी, एका उद्यानात भरलेल्या मेळ्यात, व्यासपीठावरून क्षमा मागितली. ती तेथल्या तेथेच नाकारली गेली. लोकांचे म्हणणे एवढेच होते की, अन्याय राज्याने केला, तेव्हा क्षमाही राज्याच्या सभागृहात मागितली जावी. सरकारचे उत्तर असे होते की, क्षमा मागून झाली, ती पुन्हा मागितली जाणार नाही. अखेर १८ मे २०१६ रोजी जस्टिन ट्रूडो यांनी लोकसभागृहात उभे राहून ती मागितली. शब्द दोन्ही वेळी जवळपास सारखेच होते. जागा बदलली होती. मेळ्यातले शब्द मेळ्याबरोबर विरून जातात, सभागृहातले शब्द राज्याच्या कामकाजात नोंदले जातात. त्या सेवेकऱ्याच्या ओसरीचा आणि इतिवृत्ताचा हाच भेद होता.

आता दूरचे सोडून घरचे पाहावे. आपल्या देवळांच्या दारात पिढ्यान् पिढ्या माणसे अडविली गेली. नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला, परंतु दार उघडले नाही. पंढरपूरचे दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावे लागले. १९३२ साली पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारणासाठी जो संघ स्थापन झाला आणि पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला, त्याचा कारभार सवर्णांनीच पाहावा, कारण ते सवर्णांचे प्रायश्चित्त आहे, अशी महात्मा गांधींची भूमिका होती. तिच्यामागील तळमळ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु डॉ. आंबेडकरांचा आक्षेपही विसरता येणार नाही. ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांना कारभारात जागा का नसावी, हा तो प्रश्न होता. प्रायश्चित्त घेणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नसते. क्षमा मागणाऱ्याला ते द्यावेच लागते.

पुढे कायद्याने दारे उघडली. परंतु दार उघडणे आणि ‘आम्ही ते मिटून ठेवले होते, ते आमचे चुकले’ असे त्याच दारात उभे राहून म्हणणे, यांत अंतर आहे. असे म्हटल्याचे प्रसंग किती घडले, हे प्रत्येक वाचकाने आपापल्या गावापुरते आठवून पाहावे.

यावर एक आक्षेप हमखास येतो. ज्यांनी केले ते गेले. आम्ही का म्हणून वाकावे? प्रश्न वरवर न्याय्य वाटतो. परंतु आपली महाजनकी आपण कमावलेली नाही, ती वारशाने आली. पालखीचा मान, प्रसादाचा क्रम, सभेतली जागा, यांतले काहीही आपल्या कर्तृत्वाचे फळ नव्हे. बापाचे ऋण मुलाने फेडावे, हे आपल्या स्मृतींनीच शिकविले. मान वारशाने घ्यावयाचा आणि ऋण पाहताच नाते तोडावयाचे, हा हिशेब कोणत्याही पेढीवर टिकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. इतके करूनही समोरच्याने क्षमा केली नाही तर? तर नाही केली. तो त्याचा अधिकार आहे आणि तो त्याच्याकडून मागून घेता येत नाही. ‘मी क्षमा मागितली, आता तू विसरले पाहिजेस,’ असे म्हणणारा क्षमा मागत नसून वसुली करीत असतो. क्षमायाचना फळाला आली की नाही, हे समोरच्याच्या उत्तरावरून ठरत नाही. आता त्या माणसाला आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी एकट्याने झगडावे लागत नाही, त्याचे सत्य ते आता सर्वांचे सत्य झाले आहे, एवढे घडले की तिचे काम झाले. क्षमा मिळाली तर ती देणगी होय. देणगीवर हक्क सांगता येत नाही.

त्या समितीने खरोखर काय करावयास हवे होते, हे आता सांगणे अवघड नाही. पुढच्या सभेत अध्यक्षांनी उभे राहून सेवेकऱ्याचे नाव घ्यावे, त्याच्यावर खोटा आळ घेतला असे स्वच्छ शब्दांत म्हणावे, ते इतिवृत्तात लिहवावे, बुडालेले वेतन आणि काढून घेतलेली सेवा परत द्यावी, आणि यापुढे चौकशीवाचून कोणाचे नाव सभेत घेतले जाणार नाही असा ठराव करावा. यांत पांडित्याचा भाग काहीच नाही. कठीण आहे ते एवढेच की, ज्या जागेवरून आपण न्याय देत होतो, ती सोडून खाली यावे लागते. सेवेकऱ्याने त्यानंतर समई पुन्हा हाती घ्यावी की घेऊ नये, हे त्याचे त्याने ठरवावे.

पुढच्या जत्रेला गाऱ्हाणे पुन्हा होईल, आणि आपण सारे ‘व्हय म्हाराजा’ म्हणू. त्यापूर्वी ज्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे अशा एका माणसापुढे ‘असेल तर’ गाळून बोलावे. मग देवापुढचे ‘असेल तर’ खरे होईल.