शंकासमाधान : राजांच्या वंशावळी आणि घरची वंशावळ

शंका : रायगडावर राज्याभिषेकाआधी भोसले कुळाची वंशावळ का शोधावी लागली? पराक्रम पुरेसा नव्हता का?

समाधान : राज्य उभे करायला पराक्रम पुरेसा होता. वैदिक मंत्रांनी अभिषेक करण्याचा अधिकार मात्र तेव्हाचे शास्त्री फक्त क्षत्रियाला देत, आणि कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. म्हणून भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेणारी वंशावळ पुढे आली आणि काशीच्या गागाभट्टांनी ती ग्राह्य धरली. त्यानंतर २९ मे १६७४ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, शिवाजी महाराजांची मुंज झाली. राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा लागले. ६ जूनला अभिषेक झाला. स्वराज्य त्याआधीच उभे होते. वंशावळीने त्याला शास्त्राची मान्यता मिळवून दिली, एवढेच तिचे काम.

शंका : एकाच घराण्याच्या वंशावळी एकमेकींशी जुळत नाहीत. मग खरी कोणती मानावी?

समाधान : प्रत्येक वंशावळ कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली हे आधी पाहावे. कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ मालोजीराजांपासून कथा सुरू करते. सभासदाची बखर लिहिली गेली ती राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. काळ वेगळे, हेतू वेगळे. तपशीलही वेगळे असणारच.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायलांच्या धर्मग्रंथातही हेच आढळते. हिब्रू शास्त्रात यहूदाच्या राजांचा इतिहास दोनदा येतो, ‘राजे’ या ग्रंथांत आणि ‘इतिहास’ या ग्रंथांत. मनश्शे राजाने ५५ वर्षे राज्य केले, हे दोन्हीकडे आहे. ‘राजे’त तो अखेरपर्यंत पापी ठरतो. ‘इतिहास’ सांगतो की बेड्या घालून बाबेलला नेल्यावर त्याला पश्चात्ताप झाला आणि देवाने त्याचे ऐकले. संकलकांनी यातला एक वृत्तान्त खोडला नाही. दोन्ही एकाच शास्त्रात ठेवले. शेजारच्या राज्यांचे लेखही ताडून पाहावे लागतात. इस्रायलचा राजा येहू याने अम्रीच्या घराण्याचा उच्छेद करून गादी घेतली, तरी अश्शूरच्या शिलालेखात त्याला अम्रीचाच पुत्र म्हटले आहे. दूरच्या दरबाराला राज्याची ओळख त्या नावानेच होती. उलट दावीदाच्या घराण्याचा उल्लेख उत्तर इस्रायलमधील तेल दान येथे १९९३ मध्ये सापडलेल्या शिळेवर आहे, आणि ती शिळा शत्रूने कोरलेली आहे. शत्रूची साक्ष म्हणून तिचे मोल अधिक.

शंका : कुळाची वंशावळ छापायची आहे, मधल्या दोन पिढ्यांची नावे मिळत नाहीत. अंदाजाने भरावीत का?

समाधान : भरू नयेत. तेथे ‘नोंद मिळाली नाही’ असे स्वच्छ लिहावे. गाळलेल्या पिढ्या मोठ्या ग्रंथांतही आहेत : नव्या करारात मत्तय योरामानंतर एकदम उज्जीयाचे नाव घेतो, अहज्या, योवाश, अमस्या हे मधले तीन राजे ‘इतिहास’ ग्रंथातून कळतात. पोलादपूरकडच्या मंडळींनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. जावळीच्या मोऱ्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब होता आणि गादीवर येणारा प्रत्येक जण तो लावी. जुन्या कागदात ‘चंद्रराव मोरे’ दिसले की तो १६५६ मध्ये महाराजांशी लढलेलाच, असे धरून चालू नये. कागदावरची तारीख पाहावी, ती नसेल तर पिढी ठरवू नये.

शंका : वंशावळीत बायकांची नावे घालावीत का? परजातीतली सून असेल तर?

समाधान : जरूर घालावीत, दोन्ही बाबतींत. ‘राजे’ ग्रंथात यहूदाच्या बहुतेक राजांच्या आईचे नाव आवर्जून दिले आहे. मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये असा नियम त्याच शास्त्रात आहे. तरी दावीदाची पणजी रूथ मवाबी होती, हे लपवलेले नाही. तिच्या नावाचा स्वतंत्र ग्रंथ आहे आणि तो दावीदापर्यंतच्या दहा पिढ्यांच्या यादीने संपतो. आपल्याकडच्या पुष्कळ वंशावळींत आई, आजी कोठेच नसते. ही उणीव नव्या पिढीने भरून काढणे योग्य.

शंका : ज्या घराकडे वंशावळच नाही, ते घर कमी प्रतीचे का?

समाधान : नाही. महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सर्व माणसे जन्मतः समान दर्जाची असल्याचा ठराव झाला, आणि तो मान्य करायला कोणाला वंशावळ दाखवावी लागत नाही.

शंका : पूर्वजांची नावे ठाऊक नसतील तर श्राद्ध करता येते का?

समाधान : येते. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा या तीनच पिढ्यांचा नावाने उच्चार होतो. त्यापलीकडची यादी लागत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र म्हणण्याची प्रथा आहे. नाव आठवत नसेल तर केवळ नात्याचा उच्चार करून पिंड द्यावा. कर्म थांबवू नये.