कागदापुढे बसलेला शिक्षक

मे महिना लागला की शाळेच्या पटांगणात शुकशुकाट होतो आणि प्रशिक्षण केंद्राच्या आवारात दुचाकींची दाटी होते. बारा वर्षं सेवा झालेल्यांचं वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, चोवीस वर्षं झालेल्यांचं निवडश्रेणीचं, शिवाय नवा अभ्यासक्रम आला की त्याचं वेगळं. सकाळी हजेरीपटावर सही, मग सुलभकांचं सत्र, पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड, चहा, पुन्हा सत्र आणि शेवटी अभिप्रायाची लिंक. बाहेर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीचे पत्रे तापलेले असतात, आत पंखे गरम वारा फिरवत असतात. सुलभकही शिक्षकच असतात आणि आपापल्या परीनं जीव ओतून शिकवतात. तरीही इतिहास आणि नागरिकशास्त्राचे शिक्षक तिथून बाहेर पडताना बहुधा एकच म्हणतात, ‘माहिती मिळाली.’

या दोन विषयांच्या शिक्षकाची गरज मात्र माहितीनं भागत नाही. माहिती आता मुलाच्या खिशातल्या मोबाइलवरही आहे आणि तिच्या शेजारीच अफवा आहे, चिथावणी आहे, कापून जोडलेलं भाषण आहे. वर्गात उभ्या असलेल्या माणसाकडून मुलाला हवा असतो तो एक विवेक: ही गोष्ट आपल्याला कशावरून कळली, सांगणारा कोण होता, तो तेव्हा तिथं होता का, आणि याच्या उलट सांगणारं कुणी आहे का? हा विवेक व्याख्यानातून उतरत नाही. काठावर बसून कुणी पोहायला शिकलेलं नाही. ज्या शिक्षकानं स्वतः एखाद्या जुन्या कागदाशी झटापट केलेली नाही, त्यानं मुलांना पुराव्याचं महत्त्व सांगायचं तरी कोणत्या बळावर?

याचा आदर्श आपल्या उशाशीच आहे. कुपवाडपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मिरजेच्या हायस्कुलात वासुदेवशास्त्री खरे संस्कृत शिकवायचे. इतिहास हा त्यांच्या नेमणुकीचा विषयही नव्हता. पण पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद त्यांच्या पाहण्यात आले आणि या माणसानं शाळेची नोकरी सांभाळून मोडीचे ढीग उपसायला घेतले. १८९७ पासून त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडानं प्रसिद्ध होऊ लागला. १९२४ मध्ये ते गेले तोवर बारा खंड झाले होते. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला आजही या पत्रांकडे यावंच लागतं. छावणीतून लिहिलेल्या अशा पत्रांत नुसता पराक्रम नसतो. थकलेले पगार, दाणावैरणीची चणचण, रुसवेफुगवे, हेवेदावेही असतात. खरेशास्त्रींनी हे सगळं लोकांपुढे ठेवलं. आपल्या गावच्या सरदारांबद्दल आदर बाळगूनही त्यांचा कागद झाकायचा नसतो, ही शिकवण एका शाळामास्तरानं आपल्या कामातून दिली. त्यासाठी त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

प्रत्येक शिक्षकानं बारा खंड काढावेत असं कुणी म्हणणार नाही. पण प्रत्येक शाळेच्या कपाटात एक दप्तर असतंच, ते म्हणजे जनरल रजिस्टर. उन्हाळी प्रशिक्षणात पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या शाळेच्या जुन्यात जुन्या रजिस्टरच्या दोन पानांची नक्कल सोबत आणावी. नावं झाकावीत, बाकीचे रकाने ठेवावेत: जन्मतारीख, जन्मगाव, पालकाचा व्यवसाय, शाळा सोडल्याचं कारण. मग ओळीनं वाचायला बसावं. पहिलीच गोष्ट डोळ्यांत भरेल ती १ जून या तारखेची. एका पानावर इतकी मुलं एकाच दिवशी कशी जन्मली? उत्तर आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. आई सांगायची, ‘पेरणीच्या आधी झाला’, नाहीतर ‘मोठ्या पुराच्या साली’. गुरुजींनी वय बसेल अशी तारीख लिहून दाखला करून दिला. त्या तारखेवर पुढे नोकरी लागली, निवृत्ती झाली, पेन्शन सुरू झालं.

ही नोंद खरी की खोटी? कागद अस्सल आहे, त्यावर शाळेचा शिक्का आहे, पण तारीख तशी नाही. तरीही पोर शाळेत यावं म्हणून गुरुजींनी केलेली खटपट तिच्यातून दिसते, आणि ज्या घरात घड्याळ-पंचांगापेक्षा पेरणी मोठी होती ते घरही दिसतं. पुढच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण वाचावं. मुलींच्या नोंदींपुढे काय लिहिलंय? वसाहत उभी राहिल्यावर जन्मगावांची यादी कशी बदलली? अर्ध्या दिवसात शिक्षकाच्या ध्यानात येईल की साधन बोलतं, लपवतं, आणि कधी कधी चांगल्या हेतूनं चुकीचंही सांगतं. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाचे दोन पाठ आहेत, उपयोजित इतिहासावरही एक आहे. त्या पाठांचा मथितार्थ या एका पानात सापडतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर हीच रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक गावोगाव फिरले. शाळेच्या कागदाला किती वजन असतं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

पुराव्याची ही सवय का हवी, हे आपल्या भागाला वेगळं सांगायची गरज पडू नये. सप्टेंबर २००९ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, एका स्वागतकमानीवरच्या अफझलखान वधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली, संचारबंदी लागली, सांगलीपर्यंत तिची झळ पोचली. ज्या मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत संगीतसभा होते आणि सतारी घडवणाऱ्या घराण्यांचे तंबोरे देशभर वाजतात, त्या मिरजेत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा प्रसंग शेजाऱ्याशेजाऱ्यात आणून उभा केला गेला. तेव्हा सातवीत असलेली मुलं आज आईबाप झाली असतील. त्यांच्या वर्गात प्रतापगड कसा शिकवला गेला होता, हा प्रश्न मनातून जात नाही.

प्रतापगड सौम्य करून शिकवावा, असं मी मुळीच म्हणत नाही. तो पूर्ण शिकवावा. १० नोव्हेंबर १६५९ चा तो दिवस समकालीन ‘शिवभारता’त आहे, अज्ञानदासाच्या पोवाड्यात आहे, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत आहे. ही साधनं प्रशिक्षणात चार-चार शिक्षकांच्या गटापुढे ठेवावीत. कुठं जुळतात, कुठं वेगळी पडतात, कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, हे त्यांना शोधू द्यावं. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि शिवाजी महाराजांच्या निवडक सोबत्यांत सिद्दी इब्राहिम होता, हे त्यांनी एकमेकांना वाचून दाखवावं. खानाची कबर गडाच्या पायथ्याशी का आहे, यावर बोलावं. प्रतापगडच्या प्रसंगानंतर दोन-अडीच महिन्यांत महाराजांच्या फौजेनं मिरजेच्याच किल्ल्याला वेढा दिला होता, हेही मुलांपर्यंत जावं. अशा रीतीनं शिकलेल्या मुलाचा महाराजांबद्दलचा अभिमान तसूभरही कमी होत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे मात्र तो वैऱ्याच्या नजरेनं पाहत नाही. एवढ्यासाठी इतिहासाच्या शिक्षकाचं प्रशिक्षण म्हणजे समाजाच्या शांततेची गुंतवणूक आहे, असं मला मनापासून वाटतं.

नागरिकशास्त्राची परीक्षा तर आणखी जवळून होते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीनं पालिकांना पाच वर्षांची मुदत ठरवून दिली आणि मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असं बंधन घातलं. आपल्या महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली, निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधला काळ प्रशासकाचा. त्या काळात एखाद्या मुलीनं हात वर करून विचारलं असेल, ‘सर, पुस्तकात तर पाच वर्षांनी निवडणूक लिहिलीय की, मग आपल्याकडं का झाली न्हाई?’ सरांनी काय सांगितलं असेल? काहींनी ‘ते परीक्षेला नाही’ म्हणून पान उलटलं असेल, आणि त्यात त्यांचा दोष कमी, भीती जास्त. राजकारण नको, वरून विचारणा नको. पण त्या मुलीच्या मनात त्या क्षणी एक धडा पक्का झाला: पुस्तकातली लोकशाही वेगळी आणि रस्त्यावरची वेगळी. प्रशिक्षणानं शिक्षकाला या प्रश्नासाठी तयार करायला हवं. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचनेचा प्रश्न होता, राज्यभर निवडणुका अडल्या होत्या, ही सगळी वस्तुस्थिती कुठल्याही पक्षाची बाजू न घेता सांगता येते. पक्षपात टाळणं हे कर्तव्य आहे. सत्य टाळायची मुभा त्यातून मिळत नाही.

आणि खरं सांगायचं तर लोकशाही हातानं चालवलेली माणसं याच हॉलमध्ये बसलेली असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही कामं शिक्षकांकडे ठेवली आहेत. पन्नास प्रशिक्षणार्थींमधले निम्मे तरी कधी ना कधी मतदान केंद्राध्यक्ष झालेले असतात. उजाडायच्या आत उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेणं, यंत्र रिकामं असल्याचं दाखवणं, सील लावणं, शाई लावणं, संध्याकाळी मतांचा हिशेब जुळवणं, हे त्यांनी केलेलं असतं. कुणी दबाव आणला तेव्हा ते ठाम राहिलेले असतात. हा अनुभव प्रशिक्षणात कुणी विचारतच नाही. एक सकाळ फक्त यासाठी द्यावी. त्यातून निवडणूक प्रक्रियेचा पाठ कसा जिवंत होतो ते पाहावं.

एक दिवस कुंडलला जावं. पलूस तालुक्यातलं हे गाव पूर्वी औंध संस्थानात होतं. १९३९ मध्ये औंधच्या राजानं, भवानराव पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता लोकांच्या हाती देणारी घटना केली. त्याच कुंडलची माणसं थोड्याच वर्षांत क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा कणा झाली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटणाऱ्या तुफान सेनेत कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ होते. एका राजानं आपण होऊन सोडलेली सत्ता आणि लोकांनी लढून उभी केलेली सत्ता, दोन्ही एकाच गावच्या आठवणीत आहेत. प्रतिसरकारच्या न्यायमंडळांनी गावगुंडांना दिलेल्या शिक्षा योग्य होत्या का, कायदा कुणाचा मानायचा, हे प्रश्न शिक्षकांनी तिथल्या पारावर बसून एकमेकांना विचारावेत. प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता गेली. कॅप्टन भाऊही २०२२ मध्ये गेले. त्यांच्याकडून ऐकलेले लोक अजून आहेत, त्यांना गाठायला हवं.

हे स्वप्नरंजन नाही. ऐंशीच्या दशकात मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ संस्थेनं सरकारी शाळांतल्या शिक्षकांना सोबत घेऊन सामाजिक शास्त्रांची पुस्तकं तयार केली. शिक्षक सुट्टीत एकत्र बसून पाठ तपासायचे, वाद घालायचे. अमेरिकेतही शिक्षकांना उन्हाळ्यात ऐतिहासिक स्थळी नेऊन अस्सल कागदांवर काम करायला लावणाऱ्या कार्यशाळा सार्वजनिक निधीतून चालवल्या गेल्या आहेत. त्यामागचा विचार सरळ आहे: शिक्षक आधी अभ्यासक आहे, मग सांगणारा.

दहावीला इतिहास-राज्यशास्त्र चाळीस गुणांचं, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. गुणांचं म्हणाल तर विषय लहान आहे. पण ते मूल अठराव्या वर्षी मत देणार आहे, दंगलीची हाक आली तर घरात थांबायचं की बाहेर पडायचं हे ठरवणार आहे, भिंतीवरचं चित्र पाहून संतापायचं की विचारायचं हे ठरवणार आहे. त्यासाठीची तयारी याच दोन विषयांच्या तासिकांत होते.

म्हणून जिल्ह्याच्या प्रशिक्षण नियोजकांना विनंती आहे. येत्या मे महिन्यात इतिहास-नागरिकशास्त्राच्या शिक्षकांना एक दिवस रजिस्टरपुढे, एक दिवस प्रतापगडाच्या साधनांपुढे, एक सकाळ त्यांच्याच निवडणूक-अनुभवांपुढे आणि एक दिवस कुंडलमध्ये बसवा. आणि शिक्षकांना विनंती, कुणी आयोजन करेल याची वाट पाहू नका. शाळेची किल्ली तुमच्याकडे आहे. या सुट्टीत कपाट उघडा, जुनं रजिस्टर काढा आणि जूनमध्ये पहिल्याच तासाला मुलांना विचारा, ‘हे खरं आहे हे आपल्याला कशावरून कळलं?’