तहकूब सभा

पवनी तालुक्यातल्या एका गावात रोवणी करणाऱ्या बायांची टोळी होती. टोळीत अठरा जणी. पाऊस लागला की त्या गुता, म्हणजे रोवणीचा ठेका, घेत. एकराचा दर ठरे आणि आलेल्या पैशाचे अठरा सारखे वाटे पडत. एखादीचं लेकरू तापलं आणि ती बांधीवर आली नाही, तरी तिचा वाटा कापायचा नाही, हा टोळीचा जुना नेम. तिच्या वाटचे परे, म्हणजे धानाची रोपं, बाकीच्या जणी रोवून काढत.

टोळीची म्होरकी एक आजी होती. पंचाहत्तरी गाठलेली. दिवसभर वाकून रोवणं आता तिला जमत नसे, पण परे उपटून पेंढ्या बांधताना तिच्या हाताला पोरीसोरी हरत. तिची नात भंडाऱ्याला कॉलेजात शिकत होती आणि रोवणीच्या दिवसांत घरी येत असे.

गावात मालगुजारांच्या काळातली एक बोडी, म्हणजे लहान तलाव, होती. कित्येक वर्षांत गाळ उपसला नव्हता. भाद्रपदात पावसानं ओढ दिली की पाळीजवळच्या मोठ्या बांध्या भिजत आणि टोकाच्या, एकरा-अर्ध्या एकराच्या बांध्यांतला धान दाणा धरायच्या आत वाळे. गाळ निघाला असता तर दोन्ही झालं असतं. उन्हाळ्यात रोजगार हमीची रोजी मिळाली असती, पावसाळ्यात टोकाला पाणी पोचलं असतं. गावातल्या दर चार घरांपैकी तीन घरांना हेच हवं होतं.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि रोवणी लांबली. पुढच्या वर्षीच्या कामांची यादी ज्या ग्रामसभेत व्हायची, ती १५ ऑगस्टला सकाळी अकराला होती. टोळ्या सातलाच बांध्यांवर गेलेल्या. चिखलात रुजायचा परा झेंडावंदनासाठी थांबत नाही. सभेला चाळीसेक माणसं जमली. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ग्रामसेवकानं अर्धा तास वाट पाहिली आणि सभा तहकूब केली.

आठवड्यानं ती पुन्हा भरली, तेव्हा तीस माणसं होती. पण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तीस माणसांनी ठराव केला की चौकापासून धानाच्या गिरणीपर्यंत सिमेंटचा रस्ता व्हावा. बोडी यादीतून गळली. कायदा कुठे मोडला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात गावातली निम्मी घरं कुलूप लावून नागपूरच्या बांधकामांवर गेली.

ठराव झाला त्याच दिवशी नात संतापली होती. "आजी, सरपंच तर आपल्याच मतांनी निवडून आला ना? राखीव जागेवरचा, आपल्याच मोहल्ल्यातला!"

"माणूस वाईट नाई तो," आजी म्हणाली. "पन सकारी त्याच्या ओट्यावर चहाले कोन बसते? गिरणीवाला बसते, ठेकेदार बसते. आपन तवा बांधीत असतो. रोज ज्याचं आयकलं, त्याचंच खरं वाटते बाई."

"मग मताचा उपयोग काय?"

आजीनं हातातली पेंढी खाली ठेवली आणि आपल्या बापाची गोष्ट सांगितली.

साल १९५४. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. काही कार्यकर्त्यांचं म्हणणं पडलं की आपल्या लोकांनी दुसरं मत जाळावं, म्हणजे कुणालाच देऊ नये. बाबासाहेबांना ते मान्य झालं नाही. ज्यानं घटनेचा मसुदा घडवला, तो मत वाया घालवा असं कसा सांगणार? निकाल लागला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी जिंकली आणि बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. जागा राखीव होती, पण तिच्यावर कोण बसणार हे सगळा मतदारसंघ ठरवत होता.

"माह्या बा त्या रातीले जेवला नाई," आजी म्हणाली. "मी लहान होती. तो म्हणे, आपन मत टाकलं अन् घरी येऊन बसलो. आपल्या मताच्या बाजूनं दुसऱ्याचं मत उभं करावाले हिंडलो नाई. हिंडावं तर रोजी बुडते. बाई, मत जाराचं नाई, पन त्याले एकटं बी सोडाचं नाई."

नातीला कॉलेजात वाचलेलं आठवलं. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात आपण समान होऊ, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता राहील. परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. आज मात्र ते तिला तहकूब सभेच्या रजिस्टरात, तीस सह्यांच्या खाली, दिसत होतं. मतदानाच्या दिवशी गिरणीवाल्याचं बोट आणि आजीचं बोट सारख्याच शाईनं काळं होतं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाल्याला सभेला जायला काही पडत नाही, आणि आजीला मात्र तिथं पोचायला दिवसाची रोजी मोजावी लागते. ज्याच्याजवळ चार दिवसांचा तांदूळ आहे, त्यानं ती रोजी एकट्यानं कशी मोजावी?

हा विचार तिनं बोलून दाखवला, तेव्हा आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आपल्या टोळीत लेकरू तापलं तं काय करतो आपन?"

"तिचा वाटा ठेवतो."

"मंग सभेलेच आजारी लेकरू समजाचं."

पुढच्या पावसाळ्यात आजी टोळ्याटोळ्यांतून फिरली. गावात अशा अकरा टोळ्या होत्या. काहींनी आढेवेढे घेतले. एका म्होरकीनं तर तोंडावर विचारलं, "सभेत बसून खुर्ची मोडनाऱ्याले आमी कामून पोसावं?" आजीनं वाद घातला नाही. मागल्या वर्षी वाळलेल्या टोकाच्या बांधीतली एक लोंबी तिच्या हातावर ठेवली. लोंबी चिमटीत दाबली तर आत दाणा नव्हता, नुसतं फोल होतं. म्होरकी काही बोलली नाही, पण तिच्याही टोळीचं नाव यादीत आलं.

ठरलं ते असं. सभेच्या दिवशी प्रत्येक टोळीतल्या दहा जणींनी सभेला जायचं, उरलेल्यांनी रोवणी ओढायची आणि रात्री वाटे सगळ्यांचे सारखे.

अकरा वाजता ग्रामपंचायतीसमोर चिखलानं माखलेल्या पायांची रांग लागली. ग्रामसेवक सह्या आणि अंगठे मोजत गेला. शंभराचा आकडा ओलांडला, तसा त्यानं तहकुबीसाठी उघडलेला कागद मिटला. आजी उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बोडीचा गाळ पयल्या नंबरावर लिवा, अन् लिवलेलं वाचून दाखवा." ग्रामसेवकानं लिहिलं, मोठ्यानं वाचलं. रस्ता दुसऱ्या नंबरावर गेला. गिरणीवाल्याचाही हात वर झाला, कारण बोडी त्याच्याही बांध्यांना पाणी देत होती. ते त्याला आजवर कुणी समोर बसून सांगितलं नव्हतं.

ठरावानं काम सुरू होत नाही, हे टोळ्यांना पुढच्या महिन्यांत कळलं. कागद पंचायत समितीत अडकला. मग दोघी-दोघी पाळीपाळीनं पवनीला जाऊ लागल्या. त्यांची रोजी आणि एसटीचं भाडं टोळ्यांनी वाटून घेतलं. पाचव्या खेपेला काम मंजूर झालं. एप्रिलच्या उन्हात बोडीत पहिली कुदळ पडली, तेव्हा नागपूरला गेलेली काही घरं परतली होती.

त्या भाद्रपदातही पावसानं ओढ दिली. टोकाच्या बांधीत गुडघाभर पाणी नव्हतं, पण चिखल ओला होता. नातीनं एक लोंबी खुडून आजीच्या हातावर ठेवली. आजीनं ती चिमटीत दाबली. आतून पांढरं दूध आलं.

तात्पर्य: गरिबाचं मत मोजलं जातं, पण मतानंतरचे दिवस त्याला परवडत नाहीत. निर्णय मात्र त्याच दिवसांत होतात. ते दिवस एकट्याला विकत घेता येत नाहीत, पण टोळीनं रोजी वाटून घेतली तर येतात.