म्हातारी झाली, एवढंच

मनी चौदा वर्षांची झाली तेव्हा न्हाणीतल्या बादलीपाशी जाऊन बसू लागली. लपलप पाणी प्यायची, थोड्या वेळानं पुन्हा हजर. आम्ही हसायचो. पूर्वी ओट्यावरून एका उडीत फळी गाठणारी ती आता आधी गव्हाच्या पोत्यावर चढायची, थांबायची, मग वर. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. आई म्हणाली, "म्हातारी झाली ती. माझ्याच्यानं तरी कुठं माडी चढवती आता?"

खाणं सुटल्यावर मात्र तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, तोंडाचा वास घेतला, रक्त काढलं. "पाणी कधीपासून जास्त पितेय?" मी चटकन सांगितलं, "दिवाळीपासून." तेव्हा होळी होऊन गेलेली. मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टर म्हणाले, मांजराचं पाणी वाढतं तेव्हाच दोन-तृतीयांश काम थांबलेलं असतं. आणि मांजर कण्हत नाही. दुबळं दिसलं की मोठं जनावर धरतं, म्हणून दुखणं लपवायची त्याची जातच.

तर मग दोष कुणाचा? लपवणाऱ्याचं दुखणं कळलं नाही, तर कळलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण तिनं पाणी काही लपून प्यायलं नव्हतं. सगळं आमच्यासमोर होतं, मला ते सणावारासकट सांगता आलं. आम्ही त्याला 'वय' म्हटलं. वय म्हटलं की काही करावं लागत नाही. आजार म्हटला की खर्च आला, खेपा आल्या, सुई आली. हा शब्द आम्ही तिच्यासाठी नव्हे, आमच्या सोयीसाठी वापरला, असं मला आता वाटतं.

कातडीखाली सलाईन देत देत ती आणखी चार महिने जगली. बरे होते ते महिने. उन्हात बसायची, अंग चाटायची.

आम्ही पंचवटीतली माणसं. रामकुंडावर रोज दहाव्याची गर्दी बघतो. पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक हात जोडून विचारतात, काय राहिलं तुमचं, सांगा, आम्ही करू. मनी गेल्यानंतर एकदा बुधवारच्या बाजारातून भाजी घेऊन येताना तिथं थांबलो, तर एक म्हातारा मुलगा आईच्या पिंडापुढं असाच विनवत होता. ऊन चढलं होतं, कावळे समोरच्या कठड्यावर बसून होते. मला एकदम माडीचं ते वाक्य आठवलं. मनीच्या नादात ते कुणी ऐकलंच नव्हतं.

घरी आलो. आई शेंगा सोलत होती.

"आई, गुडघा कोणता दुखतो?"

"दोन्ही. उजवा जास्ती."

"कधीपासून?"

तिनं जरा आठवलं. "धाकट्याच्या बारशाला पाटावर बसले ना, तवापासून."

धाकटा आता सातवीत आहे.