आकाशातील दगड आणि पत्रिकेतील मंगळ



देव्हारा आपण घराबाहेर काढला. परंतु मुलीचे लग्न ठरविताना 'तिला मंगळ तर नाही ना?' असे नगरकडच्या आपल्याही घरांतून हळूच विचारले जाते. हटकले तर उत्तर तयार असते : "आकाशातून संकट येते, हे आता शास्त्रज्ञही सांगतात!"

सांगतात, हे खरे आहे. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातील दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. नाव '२०२४ वायआर-४', रुंदी सुमारे ६० मीटर. सूर्याभोवतीच्या चार वर्षांच्या फेरीत तो पृथ्वीची आणि मंगळाची कक्षा ओलांडतो. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये शेकडा ३ च्या वर गेली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र व दक्षिण आशिया होता. मुंबईचे नावही वर्तमानपत्रांत आले. त्याच महिन्यात आणखी निरीक्षणे झाली आणि पृथ्वीवरचा धोका जवळजवळ शून्य ठरला.

शास्त्रज्ञांनी शब्द फिरविला, म्हणून काहीजण हसतील. ह्यात हसण्यासारखे काय आहे? शेकडा ३ हे माप दगडाचे नव्हते, आपल्या अपुऱ्या माहितीचे होते. दगड आपल्या वाटेने जातच होता. माहिती वाढली, माप बदलले आणि ते चारचौघांत सांगितले गेले. उलट १९६२ च्या फेब्रुवारीतील अष्टग्रही आठवा. प्रलयाच्या भीतीने देशात ठिकठिकाणी होमहवने झाली. प्रलय आला नाही. पण 'होमामुळेच टळला' असे म्हणायला वाट मोकळीच! काहीही घडले तरी जे खोटे ठरत नाही, ते तपासावे कसे?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला लवणासुराची कथा सांगतात. प्रत्यक्षात काळ्या खडकातील ते सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर अवकाशातून आलेल्या पाषाणाने पडले. एका मोजणीप्रमाणे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी. तेव्हा येथे ना जात होती, ना पत्रिका. मग कोणाच्या पापाची ती शिक्षा?

ज्या भयाचे कारण कळते, त्यावर उपाय शोधता येतो. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या 'डार्ट' यानाने डायमॉर्फस ह्या लघुग्रहाला धडक दिली आणि त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी केली. शांतीचा विधी करून कोणता ग्रह हलला?

मंगळाच्या नावाने मात्र मुलगी वर्षानुवर्षे घरी बसते, आणि पुढे नवरा दगावला तर दोषही तिच्याच माथी येतो. तेव्हा पाहुणे पत्रिका मागतील त्या दिवशी बापाने गप्प राहू नये. मंगळ माणसाला मारतो तो कोणत्या वाटेने, आणि तसे घडले नाही तर आपण शब्द मागे घ्याल काय, एवढे त्यांना मुलीच्या देखत विचारावे.