दूरदर्शनचे पुनरुज्जीवन बेळगावातून

मुंबई दूरदर्शनला पुन्हा ऊर्जितावस्था यावी असे म्हणणारी मंडळी पुण्यामुंबईत पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या बोलण्याचा ओघ अखेरीस ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘ज्ञानदीप’ आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ यांच्या स्मरणात विसावतो, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या त्या केंद्राने मराठी अभिरुचीचे जे पोषण केले त्याविषयीची कृतज्ञता हाच जणू त्याच्या भवितव्याचा विचार होय, असा समज होऊन बसतो. ती कृतज्ञता मलाही आहे. तथापि जुने कार्यक्रम पुन्हा दाखविल्याने संस्थेत प्राण येत नाही. ज्या कर्तव्यासाठी तिला सनद मिळाली ते कर्तव्य आज कोठे सर्वाधिक उपेक्षित आहे हे पाहून तेथूनच आरंभ करावा लागतो. मुंबई दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीपुरते बोलायचे तर ते ठिकाण बेळगाव-निपाणीचा मुलूख हे आहे, असे माझे निश्चित मत आहे.

खाजगी मराठी वाहिन्या या मुलखात घरोघरी दिसतात आणि आवडीने पाहिल्याही जातात. परंतु त्यांचा जमाखर्च जाहिरातींवर चालतो, आणि जाहिरातदाराच्या खतावणीत मराठी गिऱ्हाइकाचे पान महाराष्ट्राच्या नावाने व कन्नड गिऱ्हाइकाचे पान कर्नाटकाच्या नावाने उघडलेले असल्यामुळे, १ नोव्हेंबर १९५६ पासून तेव्हाच्या म्हैसूर राज्याच्या अंमलाखाली आलेला मराठी माणूस या दोन पानांच्या शिवणीत गडप होतो.

निपाणीच्या एखाद्या गल्लीत दुपारच्या वेळी जावे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, मापाच्या पत्र्यावर पान कातरायचे, वळायचे, दोऱ्याने बांधायचे. नजर हातावरून हलत नाही, म्हणून विड्या वळणारी बाई घरातला टीव्ही पाहत नाही, ऐकते. तिच्या कानी पडतात ती कुठल्याशा धनाढ्य घराण्यातील कारस्थाने. हजार विड्यांची मजुरी, छाट म्हणून बाजूला टाकलेला माल, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, विडी कामगारांच्या मुलांना मिळणारी शिष्यवृत्ती आणि तिचा अर्ज, यांविषयी तिच्या बोलीत अवाक्षर नाही. शेजारीण कन्नड बोलत असेल किंवा दख्खनी उर्दू. तिचीही कथा तीच. १९८१ साली तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच निपाणीला महामार्गावर ठाण मांडून बसले, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. तंबाखूचा भाव मराठी शेतकऱ्यास एक आणि कन्नड शेतकऱ्यास दुसरा, असा पडत नव्हता. या मुलखाचे जे प्रश्न खरोखर पोटापाण्याचे आहेत, ते बहुधा असेच दोन्ही भाषांत सारखे असतात.

संसदेने १९९० मध्ये संमत केलेल्या आणि १९९७ मध्ये अंमलात आलेल्या प्रसार भारती कायद्याच्या १२व्या कलमात दूरदर्शन चालविणाऱ्या या संस्थेची कर्तव्ये नमूद केली आहेत. त्यांत देशातील विविध भाषा व संस्कृती यांना पुरेसे स्थान देण्याबरोबरच सीमावर्ती, मागास आणि दुर्गम प्रदेशांतील लोकांची सेवा हेही एक कर्तव्य आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर राष्ट्राची सीमा असेल. परंतु राज्यांच्या सीमेवर जो दोन्हीकडून परका ठरतो त्याला ते कलम लागू नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्याआधी, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आकाशातील प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिलाच होता.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठी ‘सह्याद्री’ आणि कन्नड ‘चंदना’ या दोन्ही वाहिन्या प्रसार भारतीच्याच असून डीडी फ्री डिशवर मासिक शुल्काविना एकाच घरात येतात. त्यांच्यावर ना महाराष्ट्र शासनाचा हुकूम चालतो, ना कर्नाटक शासनाचा. कोणत्याही एका राज्याची नसलेली आणि तरीही दोन्ही भाषा बोलणारी अशी दुसरी संस्था या मुलखात मला तरी दिसत नाही. (बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकविणारे पु. ल. देशपांडे पुढे दिल्लीत भारतीय दूरदर्शनच्या बाल्यावस्थेत त्याच्या उभारणीस लागले, हे आठवले की या गावाचा त्या माध्यमावर थोडा हक्कही आहे असे वाटते.)

अशा सामाईक संस्थेला युरोपात दाखला आहे. स्ट्रासबुर्ग हे शहर १८७१ ते १९४५ या काळात जर्मनी आणि फ्रान्स यांच्यामध्ये चार वेळा हस्तांतरित झाले. फ्रान्स आणि जर्मनीची घटक राज्ये यांनी १९९० मध्ये करार करून ‘आर्ते’ ही सामाईक वाहिनी स्थापन केली, १९९२ मध्ये तिचे प्रक्षेपण सुरू झाले, आणि तिचे मुख्यालय पॅरिसला किंवा बर्लिनला न ठेवता याच शहरात ठेवले. तेथील वाद मिटलेला होता आणि आपला महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, हा भेद मी जाणतो. परंतु निकाल कोणताही लागो, विडी वळणाऱ्या त्या बाईने तोवर मुकाट्याने वाट पाहावी, असे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही.

म्हणून बेळगावात एक सामाईक निर्मितीकेंद्र असावे. त्यात मराठी आणि कन्नड संपादक समान अधिकाराचे असावेत. आणि तेथील अर्ध्या तासाचा दैनिक कार्यक्रम दोन्ही वाहिन्यांवर एकाच वेळी दिसावा. बोलणाऱ्याने आपल्या भाषेत बोलावे, तिच्यावर दुसरा आवाज चढवू नये; दुसऱ्या भाषेतील ओळी पडद्याच्या तळाशी याव्यात. २०२२ पर्यंत दूरदर्शनची बहुतेक जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद झाली. तेथे मोकळी झालेली माणसे आणि जागा यांचा उपयोग करण्यास हे कार्य योग्य आहे. २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्ह्ज’ हे नवे ओटीटी व्यासपीठ सुरू केले, तेही चांगलेच; पण त्यावर ठेवण्याजोगे ताजे काही निर्माण झाले पाहिजे.

खरी अडचण पैशाची नाही, मुखत्यारीची आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत मंत्र्यांच्या दौऱ्यांना बातमी म्हणण्याची खोड लागते, आणि बेळगावसारख्या ठिकाणी तर मुंबई, बेंगळुरू आणि दिल्ली अशा तिन्ही दिशांनी दडपण येणार. संपादकांची नेमणूक ठरावीक मुदतीची असावी व त्या मुदतीत त्यांची बदली होऊ नये, ही तरतूद पहिल्याच दिवशी लेखी हवी. कारण १ नोव्हेंबर दरवर्षी येणार आहे. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि मराठी भाषिकांच्या काळ्या दिनाची निषेध फेरीही निघते. या केंद्राच्या त्या संध्याकाळच्या बातमीपत्रात दोहोंना सारखाच वेळ मिळाला पाहिजे, दोन्हींतील माणसांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकविले पाहिजे, आणि तसे केल्याबद्दल दुसऱ्या दिवशी कोणत्याही संपादकाला जाब विचारला जाता कामा नये.